शिक्षणांतील खंड व आपलीं आत्मचरित्रें

शाळा संपल्यावर व महाविद्यालयांत पाऊल टाकण्यापूर्वीं तरुणानें एक वर्ष मोकळें घ्यावें, ही कल्पना अलीकडे सुशिक्षित घरांतून 'गॅप इयर' या इंग्रजी नांवानें बोलली जाऊं लागली आहे. नांव परकें असलें कीं वस्तुहि परकीच असली पाहिजे, असें धरून चालण्याची आपली खोड जुनी आहे. त्यामुळें या कल्पनेचे कैवारी आणि विरोधक हे दोघेहि ती विलायतेहून आली असें गृहीत धरूनच भांडतात. एका पक्षास ती सुधारणा वाटते, दुसऱ्यास श्रीमंतांचे चोचले. वास्तविक असें मधलें वर्ष मराठी आयुष्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलें आहे, आणि आपल्या आत्मचरित्रांतून तें वारंवार भेटतें. मात्र त्याचा जमाखर्च मांडण्याची तसदी टीकाकारांनीं फारशी घेतलेली नाहीं. तो आम्ही येथें वाङ्मयाच्या बाजूनें मांडूं पाहणार आहों. त्यासाठीं जीं लिखाणें आम्हीं समोर ठेविलीं आहेत त्यांत कांहीं प्रसिद्ध पुस्तकें आहेत, एक पत्र आहे, आणि भिवंडीस टंकलिखित झालेलें एक प्रतिज्ञापत्र आहे. या शेवटच्यास वाङ्मय म्हणावें कीं नाहीं अशी शंका वाचकांस येईल. ती त्यांनीं थोडा वेळ राखून ठेवावी.

प्रथम शब्दांचाच विचार करूं. मराठींत विद्यार्थ्याचें वर्ष बुडतें, वायां जातें, फुकट जातें; तें कोणी राखलें असें म्हणण्याची सोय आपल्या बोलण्यांत नाहीं. परीक्षेंत नापास झालेला, आजारानें अंथरुणास खिळलेला, आणि वडिलांचें काम सुटलें म्हणून थांबलेला, या तिघांच्याहि वर्षाला आपण एकच क्रियापद लावतों. कचेरीच्या भाषेंत याला 'शिक्षणांतील खंड' म्हणतात. हा शब्द त्यांतल्या त्यांत बरा, कारण तो शेतकऱ्याच्याहि तोंडीं आहे. पावसानें खंड दिला असें तो म्हणतो तेव्हां पाऊस परत येईल ही आशा त्यांत असते आणि पीक हातचें जाईल ही भीतिहि असते. 'ड्रॉप घेणें' हा तरुणांचा नवा शब्द मात्र आम्हांस मुळींच रुचत नाहीं. वैद्यकीय प्रवेशासाठीं 'नीट' ही परीक्षा पुन्हां देणारीं मुलें बारावीनंतरच्या वर्षाला तो लावतात. परंतु शिकवणीच्या वर्गांत सकाळपासून रात्रीपर्यंत बसून काढलेल्या त्या वर्षांत मोकळें असें काय आहे? ती तेरावी इयत्ता आहे, एवढेंच. तिच्याविषयीं येथें अधिक बोलण्याचें कारण नाहीं.

आत्मचरित्रांकडे वळलें म्हणजे पहिलें नांव महर्षि धोंडो केशव कर्वे यांचें घ्यावें लागतें. त्यांचें 'आत्मवृत्त' १९१५ सालीं प्रसिद्ध झालें. १८७५ मध्यें सतरा वर्षांचे कर्वे मुरुडहून निघून, पावसांतून, सह्याद्रि ओलांडून पायीं साताऱ्यास सहाव्या इयत्तेच्या परीक्षेसाठीं गेले, आणि दिसण्यांत लहान म्हणून परीक्षेस बसूं न देतां त्यांस परत पाठविण्यांत आलें, ही हकीकत मराठी वाचकांच्या चांगल्या परिचयाची आहे. ती परीक्षा त्यांनीं पुढल्या वर्षीं कोल्हापुरास दिली. मॅट्रिक झाले ते १८८१ सालीं, म्हणजे वयाच्या तेविसाव्या वर्षीं. आणि १८८४ मध्यें एल्फिन्स्टन कॉलेजांतून पदवीधर होऊन बाहेर पडले. आजच्या प्रवेशपत्रिकेच्या हिशेबानें त्यांच्या नांवावर पांच-सहा वर्षांचा खंड निघेल, आणि खिडकीपलीकडच्या कारकुनानें चष्मा कपाळावर चढवून त्यांच्याकडे दोनदां पाहिलें असतें.

पुस्तक मिटल्यावर वाचकाच्या मनांत काय उरतें? तो घाट, तो पाऊस, आणि तें हिरमुसलें होऊन परत फिरणें. त्यापुढचें वर्ष उरत नाहीं. कर्व्यांची लेखणी हिशेबी व निगर्वी आहे. ती कशाचेंहि अवडंबर करीत नाहीं, आणि हाच त्या पुस्तकाचा मोठा गुण होय. परंतु अपमान होऊन घरीं आलेला सतरा वर्षांचा मुलगा पुढले महिने गांवांत कसा वावरला, कोणाची नजर त्यानें चुकविली, पुन्हां परीक्षेस बसण्याचें बळ त्यानें कोठून आणलें, हें आम्हांस त्या घाटाहूनहि अधिक जाणून घ्यावेंसें वाटतें, आणि तेथें आमची तहान पुरती भागत नाहीं. हा दोष एकट्या कर्व्यांचा नव्हे. आत्मचरित्र लिहितो कोण? ज्याचा खंड भरून निघाला तो. तो पैलतीरावर बसून मागें पाहतो, आणि मधलें पाणी त्याला उथळ दिसतें. ज्यांचें वर्ष परत आलेंच नाहीं, जे मॅट्रिकनंतर थांबले ते थांबलेच, त्यांनीं पुस्तकें लिहिलीं नाहींत. सबब या प्रश्नांत आत्मचरित्र हा वाङ्मयप्रकार एकतर्फी साक्षीदार ठरतो, हें त्याची साक्ष घेणाऱ्यानें ध्यानांत ठेवलें पाहिजे.

एक लेखन मात्र याला अपवाद आहे, आणि तें खंड चालू असतांना लिहिलेलें आहे. विनोबा भावे १९१६ मध्यें इंटरची परीक्षा देण्यासाठीं बडोद्याहून मुंबईस निघाले, आणि वाटेंत सुरतेस उतरून काशीला निघून गेले. प्रमाणपत्रें त्यांनीं आधींच चुलींत घातलीं होतीं. त्याच वर्षीं ते गांधींच्या आश्रमांत दाखल झाले. येथपर्यंतची गोष्ट सर्वांस ठाऊक असते, आणि महाविद्यालयावर ज्यांचा राग आहे ते तिचा पुष्कळ उपयोगहि करतात. त्यांच्या ध्यानांत एक गोष्ट बहुधा राहत नाहीं. पुढल्याच वर्षीं या तरुणानें आश्रमाकडून एक वर्षाची रजा मागितली: प्रकृति सुधारण्यासाठीं, आणि वाईस नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशीं अध्ययन करण्यासाठीं. म्हणजे ज्यानें महाविद्यालय कायमचें सोडलें त्यानेंहि आपण निवडलेल्या शाळेंतून एक वर्ष रीतसर मागून घेतलें. तें संपत आलें तेव्हां, १९१८ च्या आरंभीं, त्यांनीं गांधींस पत्र लिहून वर्षाचा हिशेब दिला. हें पत्र प्रसिद्ध झालेलें आहे आणि तें प्रत्येक मॅट्रिक झालेल्या मुलानें वाचावें असें आहे.

त्या पत्रांत काय आहे? उपनिषदें, गीता, शांकरभाष्यासह ब्रह्मसूत्रें वाचलीं, ही नोंद आहे. गीतेचे वर्ग फुकट चालविले ही आहे. वाईस विद्यार्थ्यांचें एक मंडळ काढून, त्याच्या वाचनालयासाठीं मुलांनीं लोकांचें धान्य दळून पैसे मिळविले ही आहे. सुमारें चारशें मैलांचा पायीं प्रवास आहे; काय खाल्लें आणि काय सोडलें तेंहि आहे. बावीस वर्षांच्या मुलाचें हें लेखन आहे, आणि तें तसेंच दिसतें. वाण्याच्या वहींतील नोंदीप्रमाणें एकाखालीं एक रकमा मांडल्या आहेत. कोठें शंका नाहीं, कोठें एखादा दिवस आळसांत गेल्याचा उल्लेख नाहीं, आणि स्वतःविषयींचें समाधान अधूनमधून डोकावतें. वाङ्मय या दृष्टीनें पुढील काळांतील 'गीता प्रवचनें' या पत्राच्या शेंकडों योजनें पुढें आहेत. तरीहि एक गोष्ट या पत्रांत अशी आहे जी कर्व्यांच्या पुस्तकांत असूं शकत नव्हती. तें कोणातरी वाट पाहणाऱ्यास लिहिलेलें आहे. परत येण्याची तारीख ठरलेली आहे, जागा राखलेली आहे, आणि तेथें बसलेला माणूस विचारणार आहे, "वर्षभर काय केलेंस?" त्या एका प्रश्नामुळें त्या वर्षाला आकार आला. गांधींचें उत्तर वात्सल्यानें ओथंबलेलें आहे. परंतु आमच्या मतें त्या उत्तराहून तो अपेक्षिलेला प्रश्न अधिक मोलाचा होता. वर्ष पुरें होतांच विनोबा आश्रमांत हजर झाले.

आतां भिवंडीकडे येऊं. कामवारी नदीच्या कांठचें हें गांव आज सात लाखांवर वस्तीचें शहर आहे, आणि तें यंत्रमागांवर उभें आहे. उत्तरेकडून आलेले मोमीन विणकर, तेलंगणांतून आलेले पद्मशाली, कोंकणी मुसलमान, आजूबाजूच्या खेड्यांतले आगरी: अशी या गांवाची वीण आहे. मागावरच्या कामगारास मजुरी मिळते ती मीटरच्या हिशेबानें. सुताचा भाव चढला आणि कापडाला उठाव नसला म्हणजे मालकच कारखाने बंद ठेवतात. मग मीटरहि नाहीं आणि मजुरीहि नाहीं. अशा वेळीं घरांत बारावी झालेलें मूल असलें तर त्याचें वर्ष कोठें जातें हें सांगावयास नको. दुसरीकडे, नाशिकच्या रस्त्यालगत आणि खाडीच्या बाजूस काल्हेर, दापोडें, माणकोली, पूर्णा या गांवांतून भातशेतीच्या जागीं गोदामें उभीं राहिलीं आहेत. ज्यांच्या जमिनीवर गोदामें आहेत त्यांच्या मुलांस भाड्याच्या जोरावर एक वर्ष सहज मोकळें घेतां येतें; आणि त्याच गोदामांत खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटविणाऱ्या मुलांस तें न मागतां मिळतें. एकाच छपराखालीं दोन्ही प्रकारचे खंड नांदत आहेत. शहरांत महाविद्यालयें नाहींत असें नाहीं. नगरपालिकेच्या नांवाचें एक जुनें महाविद्यालय आहे, मोमीन यांच्या नांवाचें मुलींचें आहे. अडचण दार नसल्याची नाहीं.

वर्षानंतर या दारांशीं परत येणाऱ्या मुलाकडे एक कागद मागतात. त्याला 'गॅप सर्टिफिकेट' म्हणतात. मुद्रांकाच्या कागदावर टंकलिखित करून, नोटरीपुढें सही करून, तो प्रवेशपत्रिकेस जोडावयाचा असतो. एका मुलीचें असें प्रतिज्ञापत्र, नांव-ठिकाण झांकून, आम्हांस पाहावयास मिळालें. तें आम्हीं एखादी कविता वाचावी तितक्या बारकाईनें वाचलें, आणि तसें वाचण्यासारखें तें आहेहि.

आरंभीं ती आपलें वय सांगते. नंतर सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते कीं, सदर कालावधींत मी कोणत्याहि शाळेंत किंवा महाविद्यालयांत प्रवेश घेतलेला नव्हता; कोणत्याहि परीक्षेस बसलें नव्हतें; कोणत्याहि गैरकृत्यांत माझा सहभाग नव्हता. बहुतेक नमुन्यांत थोड्याफार फरकानें हाच मजकूर असतो. अवघ्या अकरा ओळींच्या या गद्यांत चार वाक्यें नकारानें संपतात. होकारार्थीं असें एकच कारण आहे, "घरगुती अडचणीमुळें", आणि तें मुलीचें नसून टंकलेखकाचें आहे. त्याच्या यंत्रांत तें तयारच असतें. निबंधाच्या वर्गांत एखाद्या मुलीनें 'माझें एक वर्ष' या विषयावर असा निबंध लिहिला असता तर शिक्षकांनीं तो फेकून दिला असता. येथें मात्र तो सरकारी मुद्रांकावर जपून ठेवण्यांत येतो.

वस्तुतः त्या वर्षांत काय घडलें होतें? तिच्या घरच्यांकडून जें कळलें तें असें. वडील ज्या कारखान्यांत होते तो तीन महिने बंद होता. आई तयार कापडाचे सुटे धागे कापण्याचें काम घरीं आणी, आणि मुलगी तिला हात लावी. कारखाना पुन्हां सुरू झाल्यावर तिनें वडिलांच्या मीटरांची वही ठेवण्यास आरंभ केला. दर पंधरवड्यास मुकादमाच्या आंकड्याशीं ती आपला आंकडा ताडून पाही, आणि दोनदां तिचाच आंकडा बरोबर निघाला. पुढें शेजारच्या दोन घरच्या वह्याहि तिच्याकडे आल्या. वाणिज्य शाखेच्या कोणत्याहि अध्यापकानें हें ऐकून खुर्ची पुढें ओढावी! परंतु प्रवेशपत्रिकेस याची गरज नव्हती. तिनें गुन्हा केला नाहीं एवढेंच जाणण्याची तिला उत्सुकता होती.

विनोबांचें पत्र आणि हें प्रतिज्ञापत्र शेजारीं ठेवून पाहावें. दोन्ही एकाच विषयावरचीं, एकाच प्रसंगीं लिहिलेलीं, परत दाराशीं आलेल्या तरुणानें दिलेलीं. धान्य दळल्याची नोंद एकांत आहे. धागे कापल्याची नोंद दुसऱ्यांत नाहीं. हा भेद लिहिणाऱ्यांच्या योग्यतेचा आहे असें कोणी म्हणेल तर आम्ही तें मान्य करणार नाहीं. तो वाचणाऱ्यांचा भेद आहे.

या ठिकाणीं डॉक्टर आंबेडकरांचें उदाहरण आठवतें. तें महाविद्यालयापूर्वींच्या वर्षाचें नव्हे हें खरें, पण खंडाचें मर्म त्यांत जितकें स्पष्ट दिसतें तितकें अन्यत्र क्वचित्‌च दिसेल. बडोदें सरकारच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळें १९१७ मध्यें त्यांस लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परत यावें लागलें. निघण्यापूर्वीं त्यांनीं विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आंत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी मिळविली. पुढें जें झालें तें सर्वश्रुत आहे: जहाजावर चढविलेलीं पुस्तकें समुद्राच्या तळाशीं गेलीं, बडोद्यास राहावयास जागा मिळेना, पारशी धर्मशाळेंतून लाठ्या घेतलेल्या जमावानें त्यांस बाहेर काढलें. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या आठवणींत धर्मशाळेंतला तो मुक्काम आला आहे, आणि तीं पानें वाचतांना अंगावर कांटा उभा राहतो. मग मुंबईस सिडनहॅम कॉलेजांत प्राध्यापकी, पै-पैची शिल्लक, शाहू महाराजांचें साहाय्य, एका पारशी मित्राचें कर्ज. आणि १९२० मध्यें, मुदतीच्या आंत, पुन्हां लंडन. या मधल्या तीन वर्षांत आनंदाचें कांहीं नव्हतें, विश्रांतीचें तर नव्हतेंच. पण परवानगीचा तो कागद होता. तो नसता तर तेवढ्याच कष्टांचें फळ काय झालें असतें हें सांगणें कठीण आहे.

गॅप इयरची विलायती पद्धति जे येथें आणूं पाहतात त्यांच्या हें लक्षांत येत नाहीं. ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्यें किंवा अमेरिकेंतल्या हार्वर्डमध्यें वर्ष मोकळें घेणारा मुलगा आधीं प्रवेश मिळवितो, आणि मग तो एक वर्षानें पुढें ढकलून घेतो. पाठीवर पिशवी टाकून तो जगभर हिंडतो तेव्हां त्याच्या खुर्चीवर त्याचें नांव लिहिलेलें असतें. आपल्याकडे क्रम उलटा आहे: आधीं खंड, मग अर्ज, मग आपण निरपराध असल्याचा पुरावा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें शिक्षण मध्येंच थांबवून पुन्हां सुरू करण्याची मोकळीक दिली, ती चांगली आहे; परंतु ती आंत शिरलेल्यांसाठीं आहे. उंबरठ्याबाहेर थांबलेल्यास तिचा उपयोग नाहीं.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, एकदां सुटलेला मुलगा परत येत नाहीं, म्हणून खंड मुळींच पडूं देऊं नये. त्यास उत्तर म्हणून १९२१ साल दाखवितां येईल. नागपूरच्या काँग्रेसनंतर एका वर्षांत स्वराज्य या आशेनें किती तरी विद्यार्थी सरकारी महाविद्यालयांतून बाहेर पडले; त्यांच्यासाठीं पुण्यास टिळक महाराष्ट्र विद्यापीठ निघालें; आणि पुढें पुष्कळजण आपापल्या जुन्या वर्गांत परत जाऊन बसले. मुलें परत येतात, जर कोणी येऊं देईल तर. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: महाविद्यालयांत तरी वर्षें सार्थकीं लागतात हें कशावरून? भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'नें (१९६३) हाच प्रश्न उभा केला. खानदेशांतल्या सांगवीहून पुण्यास आलेला पांडुरंग सांगवीकर खोली, मेस, संमेलन, परीक्षा यांत वर्षें उधळतो आणि शेवटीं गांवीं परततो. ती कादंबरी आमच्या पिढीपुढच्या कित्येकांनीं डोक्यावर घेतली, आणि तिची भाषा खरोखरच जिवंत आहे. पण पांडुरंगाचीं वर्षें वायां घालविण्यासाठीं बाप पैसे पाठवीत होता. भिवंडीच्या त्या मुलीस हें वैभव उपलब्ध नाहीं.

मुलीचें म्हणून जें निराळें आहे तेंहि सांगितलें पाहिजे. रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' (१९१०) या पुस्तकांत शिक्षण हें अखंड सूत्र नाहींच. तेथें घरकाम अखंड आहे, सासरच्या बायकांचें बोलणें अखंड आहे, आणि शिकणें हा त्यांत पडलेला खंड आहे. रात्रीचा, चोरटा, लाजत-भीत घेतलेला. शंभराहून अधिक वर्षें लोटलीं तरी हा उलटा हिशेब पुरता सुलट झालेला नाहीं. मुलाचें वर्ष गेलें तर लोक म्हणतात, वर्ष गेलें. मुलीचें गेलें तर पाहुणे येऊं लागतात. म्हणून मोकळ्या वर्षाची स्तुति करणारांनीं ती मुलींच्या आयांसमोर जरा जपून करावी. बारावीनंतर लगेच वर्गांत नेऊन बसविण्याची त्यांची घाई अडाणीपणाची नसते. मधल्या वर्षांत काय काय शिरतें हें त्यांनीं पाहिलेलें असतें. जागा राखून ठेवल्याचा कागद त्या मुलीच्या हातीं असेल तर पाहुण्यांस काय सांगावें हें तिच्या आईसहि समजेल.

असा कागद देणें महाविद्यालयांस फार अवघड नाहीं. बारावीचा निकाल लागतांच अर्ज घ्यावा, प्रवेश द्यावा, आणि जिला थांबणें भाग आहे तिला पुढल्या जूनची तारीख घालून द्यावी. राहतां राहिलें तें प्रतिज्ञापत्र. त्यांतील नकार कचेरीस हवेच असतील तर राहूं द्यावेत. मात्र त्यांच्याखालीं दहा-बारा ओळी कोऱ्या सोडाव्या, वर "या वर्षांत मी काय केलें" एवढेंच छापावें, आणि ती जागा भरण्याचें काम टंकलेखकास देऊं नये. मराठींत, उर्दूंत, तेलुगूंत, ज्या भाषेंत मुलीला येईल त्या भाषेंत तिनें तें स्वतःच्या हातानें लिहावें. प्रवेशाच्या वेळीं कोणा अध्यापकानें तें वाचावें, आणि मीटरांच्या वहीविषयीं तिला दोन प्रश्न विचारावे.